आबांची कॉट

"मंचरचा डॉक्टर काय ऐकनार? माझ्या छातीला पुन्याच्या पोरांनी रांग लावून नळ्या लावल्यात!" असं म्हणत आबा डिंभ्याच्या स्टँडवर मटकन खाली बसले. दम लागल्यामुळे त्यांना उभं राहवेना. आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "आशे, यंदा आप्रेशनचं इचारल्याबिगर परत येऊ नगं."

माझ्या वडिलांच्या, यमाजींच्या, हृदयाची झडप खराब. दरवर्षी परीक्षेच्या दिवसांत पुण्याच्या मेडिकल कॉलेजातून त्यांना बोलावणं यायचं. आबा सदरा काढून कॉटवर झोपायचे, डॉक्टर होऊ घातलेली पोरं एकेक करून छाती ऐकायची, सर त्यांना मार्क द्यायचे. आबांना चहा-पाव आणि एसटीचं भाडं. आणि हा साधा माणूस समजायचा, की हाच आपला इलाज! वर गावभर मिरवणार, "माझ्यावर निम्मं पुनं डॉक्टर झालंय." चढ चढवेना म्हणून मेंढरं विकली, तरी मिरवणं काही सुटलं नाही. मंचरचा दवाखाना मात्र त्यांनी कधी धरला नाही.

यंदा बोलावणं आलं नव्हतं. दोन हजार सात साल ते. तरी आम्ही गेलो.

परीक्षेच्या खोलीत शिरताच आबांनी सवयीनं सदरा काढला. कॉटवर रबराचा माणूस झोपला होता.

"आजोबा, आता परीक्षेला पेशंट नाही बोलवत," तिथल्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या. बाई चांगली होती, खोटं कशाला बोलू? "नव्या पोरांना या पुतळ्यावर शिकवतो. बटण दाबलं की हवा तो आजार ऐकू येतो." आणि हौसेनं त्यांनी आबांच्या कानात नळी घातली. "ऐका, हा तुमचाच."

इतकी वर्षं जगानं ऐकलं, आबांनी ते त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

"लई वंगाळ वाजतंय," ते म्हणाले. "मॅडम, ह्याचं आप्रेशन कवा करनार?"

मॅडम हसल्या. "याला बरं केलं तर पोरं शिकणार कशावर?"

बोलून गेल्या आणि त्यांनी घाईनं बटण बंद केलं.

मी विचारलं, "आणि आबांचं?"

"त्यांचं… तेव्हाच व्हायला हवं होतं. आता हृदय फार थकलंय. आम्हाला वाटलं, यांचा इलाज गावाकडे चालू असेल."

"आन् आमाला वाटलं, हितं चालूय!" मी ओरडलेच. "एवढ्या जणांनी छाती ऐकली, एकाच्या बी तोंडून फुटलं न्हाई?"

आबांनी सदरा घातला, गळ्यापर्यंत सगळी बटणं लावली. दारात थांबून त्यांनी कॉटकडे बोट केलं.

"तेवढा पंखा बारीक करा, मॅडम. हितं उघडं झोपलं की लई गारठतंय. मी आपलं कवा बोललो न्हाई."