फुल्या आणि गोळ्यांचा कागद

मी चौकटींचा कागद आहे. शाळेत आलेख काढतात तसला. पंच्याऐंशी साली घाटकोपरच्या एका दुकानातून नंदकिशोर परुळेकरांनी मला आणलं. माझ्यासारखे आणखी काही ताव खळीने जोडले, तेव्हा कुठे मी टेबलभर झालो.

नंदकिशोर विम्याच्या कचेरीत कारकून. वडिलांनी मागे ठेवलेले एका रंगाच्या कारखान्याचे शेअर त्यांच्या नावावर होते. त्या वर्षी जो तो शेअरबद्दलच बोलत होता. कचेरीतल्या एका स्नेह्याने त्यांना माझी रीत शिकवली. भाव पाच रुपयांनी चढला की एक फुली, पाचाने उतरला की एक गोळा. फुल्या एकावर एक चढायच्या, गोळे एकाखाली एक उतरायचे. किरकोळ हालचालीला रांग बदलायची नाही. भाव निदान तीन घरं, म्हणजे पंधरा रुपये, उलटा फिरला, तरच शेजारी नवी रांग. तारखेला माझ्यावर जागाच नव्हती. भाव महिनाभर हलला नाही, तर मीही महिनाभर गप्प.

सकाळी त्यांची बायको कुंदाबाई चहा गाळता गाळता पेपरातला भाव वाचायच्या आणि ते पेन्सिल चालवायचे. चाळीतल्या पोरांना वाटायचं, काका एकटेच फुली-गोळा खेळतायत.

कुंदाबाईंना नाहूरला तळमजल्यावरचा एक ब्लॉक हवा होता. चाळीत संडास गॅलरीच्या टोकाला, पाणी खालून आणायचं, आणि त्यांचे गुडघे गेलेले. भाव एकशे चाळीसवर गेला तेव्हा त्या विकू या म्हणाल्या. नंदकिशोरांनी ऐकलं नाही. गोळ्यांची रांग आधीच्या गोळ्यांच्याही खाली उतरली की विकायचं, हा नियम. त्या दिवशी मी स्वतः दलालाकडे जातो, असं मात्र त्यांनी कबूल केलं.

पुढे गोळे एकशे पंधरापर्यंत आले. भाव पुन्हा चढला, पुन्हा उतरला. एका सकाळी कुंदाबाईंनी ‘एकशे नऊ’ वाचलं. आधीच्या गोळ्यांच्या खाली, एकशे दहाच्या घरात गोळा यायला हवा होता. पेन्सिल माझ्यावर टेकली आणि तशीच उचलली गेली. छपाईची चूक असेल, असं ते पुटपुटले. दुसऱ्या दिवशी भाव आणखी खाली. त्यांनी माझी घडी घालून मला कपाटावर ठेवलं आणि भाव विचारणंच सोडलं. फुल्या काढताना मात्र हाच माणूस इतका रमायचा की चहा गार व्हायचा.

रविवारी कुंदाबाईंनी मला टेबलावर पसरलं आणि त्यांना हाक मारली.

“इथे एक गोळा राहिलाय.”

“तो काढला तर विकावं लागेल, कुंदा.”

“मग?”

“भाव परत येईल गं. बाबांचे शेअर आहेत ते.”

“अहो, बाबांनी घर घेता यावं म्हणूनच ठेवले ना?”

कुंदाबाईंनी पेन्सिल नंदकिशोरांपुढे धरली. त्यांनी घेतली नाही. मग तो गोळा कुंदाबाईंनीच काढला. वाकडा आला, घराबाहेर गेला. सोमवारी रजा टाकून नंदकिशोर दलालाकडे गेले आणि सह्या करून आले.

नाहूरचा ब्लॉक झाला. कारखान्याचा भाव सत्तरपर्यंत घसरला, तेव्हा नंदकिशोर कुंदाबाईंचं कौतुक करत हिंडले. पण दोन वर्षांनी तो दीडशेच्या वर गेला. शेअर हातात नसतानाही ते फुल्या काढत होते. माझं डोकं संपलं तेव्हा वर चौकटींच्या कागदाची पट्टी चिकटवली.

“चुकलं का आपलं?” कुंदाबाईंनी विचारलं.

ते पट्टीवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, “याने पुढचं काही सांगितलंच नव्हतं. त्या दिवसाचं तेवढं सांगितलं होतं.”

आता एकोणनव्वद साल आहे. माझ्यावर एकही घर रिकामं नाही. कुंदाबाईंनी मला भांड्यांच्या फळीवर अंथरलंय. डब्यांचे तेलकट वर्तुळाकार डाग माझ्यावर उमटतात, आणि त्यांचा भावाशी काही संबंध नसतो, हे मला बरं वाटतं. फार मळलो की खुशाल काढून टाका. टेबलावर आता नवा कागद आहे. तो अजून कोरा आहे, त्याला काही माहीत नाही. त्याच्यावर जे दिसेल ते काढा. नको वाटलं तरी काढा.