पुस्तकातली सुमन

साल दोन हजार एकोणीस. प्रज्ञा तेव्हा बडोद्याच्या विद्यापीठात नवीनच शिकवायला लागली होती. बिघडलेल्या हवापाण्याविषयी माणसं आपसात कसं बोलतात, हा तिचा अभ्यास. त्यावर तिनं लिहिलेलं पहिलं इंग्रजी पुस्तक हातात पडताच ती तडक सुरतेला, भेस्तानच्या आपल्या जुन्या गल्लीत आली.

पुस्तकाचा सगळा जीव होत्या शेजारच्या मालतीबाई. खानदेशातल्या पारोळ्याकडून लग्न होऊन आलेल्या. नवरा कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलमध्ये राबून खोकल्यानं गेला. ते दुःख त्यांनी प्रज्ञाजवळ मन मोकळं करून सांगितलं होतं. गल्लीत त्या ‘भटूची आई’, मिलमध्ये कामावर नुसत्या ‘बेन’. पुस्तकात तरी आपलं नाव येईल, एवढीच त्यांची हौस.

ओट्यावर बायका जमल्या. भटू पाळीवर गेला होता. प्रज्ञा पानं उलटत मराठीत सांगू लागली. “सुमन म्हणते, खाडीचा वास आला नाही तर घर परकं वाटतं.”

“हाई सुमन कोन शे?” मालतीबाईंनी विचारलं. “हाई तं मी बोलनू.”

“तुम्हीच त्या, मावशी. खरी नावं छापायची नाहीत, असा आमच्यात नियम आहे. मिलवाल्यांनी त्रास देऊ नये म्हणून.”

“आते माले कोन तरास देई? धनी गया, मिल सुटनी.”

“ओ सुमनबाई, च्या ठेव ना,” गल्लीतली रंजना म्हणाली. बायका हसल्या. मालतीबाईही हसल्या आणि आत गेल्या. प्रज्ञा मागोमाग गेली, तर त्या स्टोव्हकडे तोंड करून म्हणाल्या, “एक डाव मनं नाव लिखी टाक, पोरी.”

नियम प्रज्ञाला तोंडपाठ होता. पण नाव छापू का, असं मावशींना विचारावं, हे काही सुचलं नव्हतं. पुढच्या आवृत्तीत खरं नाव घालू द्या, असा अर्ज तिनं विद्यापीठाच्या समितीकडे केला. तेवढ्यात कोरोना आला आणि समितीची बैठकच होईना. अखेर उत्तर आलं: हरकत नाही, फक्त त्या बाईंची स्वतःची संमती आणा. मालतीबाई त्याआधीच दुसऱ्या लाटेत गेल्या होत्या.

प्रज्ञा आता प्राध्यापक आहे. दूरदूरचे अभ्यासक आपल्या लेखांत सुरतेच्या सुमनचे शब्द देतात. रंजना मुलाकडे बारडोलीला राहते. भटू हजिऱ्याच्या बंदरात क्रेन चालवतो. त्याची लेक जयश्री कॉलेजात जाते. तिला ते पुस्तक अभ्यासाला लागलं. “पप्पा, ही भेस्तानची सुमन कोण?” तिनं विचारलं.

“असेल कोणी गल्लीतली,” भटू म्हणाला आणि डबा घेऊन पाळीवर गेला.