इसिद्रोची कमान

“वहिनी, फाटक उघडा. संत उन्हात उभा आहे,” माझा नवरा एलिहिओ पुन्हा म्हणाला.

“राहू दे उभा,” आतून माझी थोरली जाऊ एर्लिंदा म्हणाली. “शेतकऱ्यांचा संत ना तो? उन्हाची सवय असेल त्याला. सवय नाही ती तुम्हाला.”

मागे कोणीतरी खुदकन हसलं आणि लगेच गप्प झालं. चौघांच्या खांद्यावर संत इसिद्रोची मूर्ती, तिच्या डोक्यावर सफरचंदाच्या फुललेल्या फांद्यांची कमान. कमानीचं एक टोक माझ्या हातात, दुसरं लिब्रादोच्या, म्हणजे एर्लिंदाच्या नवऱ्याच्या हातात. आणि समोर त्याच्याच बागेच्या फाटकाला साखळी. नवरा बाहेर, बायको आत. गावाला वर्षभर चघळायला पुरेल एवढा तमाशा.

आम्हा जावा-जावांचं सख्य उभ्या गावाला ठाऊक आहे. तिने पूर्व म्हटलं की मी पश्चिम म्हणते. पण त्या दिवशी मीही बुचकळ्यात पडले. यंदा संताचा मान, म्हणजे पहिला मुक्काम आणि गावजेवण, तिच्या बागेला होता. हा मान बागांमधून फिरत येतो, एकदा हुकला की अर्धं आयुष्य वाट पाहायची. आत लाल मिरचीतलं मांस रटरटत होतं, वास रस्त्यापर्यंत येत होता. बाईसाहेबांनी नवा निळा झगा घातला होता. आणि फाटक मात्र बंद!

“एर्लिंदा, घरातलं घरात राहू दे गं,” लिब्रादो पुटपुटला.

“घरातलं? कडी लावली म्हणून करपा घरात बसतो होय?” ती फाटकाच्या आडव्या दांडीवर चढली. “ऐका सगळे! माझ्या बागेत आगीचा करपा आलाय. ओढ्याकडच्या रांगांत. शेंडे वाकलेत, पानं जळल्यासारखी काळी होऊन तिथंच लटकलीत, सालीतून चीक गळतोय. दिसतंय त्याच्या हातभर खालून कापलं, दर कापाला करवत क्लोरीनमध्ये बुडवली, कापलेलं सगळं जाळलं. आता बोला, कोण येतंय आत?”

पुढे आलेले मागे सरकले. ओढ्यापलीकडच्या नाशपातीच्या बागा याच करप्याने गेल्या, आता तिथे मका उभा असतो. आणि असं काही आपल्या तोंडाने कोणी सांगत नाही. चिवावा शहरातले व्यापारी मग त्या बागेकडे फिरकत नाहीत. सगळे लपवतात. मीही लपवलं असतं.

“म्हणून काय संताला बाहेर ठेवायचं?” एलिहिओ चिडला. “उलट त्याचा पाय लागला तर बरं होईल. बागेतून कमान फिरवू, झाडांना फुलं लावू...”

“तेच नको!”

तिचं खरं होतं. एप्रिलमधल्या हिवाने आमचा पहिला बहर मारला. मग हवा तापली, दोन सरी पडल्या आणि चुकार फुलं उशिरा उमलली. सगळे म्हणाले, संताची कृपा. अशा उबेत, अशा ओल्या उशिराच्या फुलांतूनच करपा आत शिरतो, हे आठवायला कोणाला सवड होती? कमानीला प्रत्येक बाग एक फांदी देते. संध्याकाळी कमान सोडतात आणि प्रत्येकजण दुसऱ्याची फांदी नेऊन आपल्या झाडाला बांधतो. करप्याला याहून चांगलं आमंत्रण कोणी देऊ शकलं नसतं.

“नशीब, यात आमची फांदी नाही,” एर्लिंदा म्हणाली.

लिब्रादोने मान खाली घातली.

“अहो! दिलीत?”

“एकच. चांगली बघून दिली गं. सगळ्यांची असते, आपलीच नसती तर लोकांनी विचारलं असतं...”

“कुठली ती? दाखवा.”

तो वर बघत राहिला. सगळी फुलं सारखीच पांढरी, सगळ्या फांद्या एकमेकींत गुंफलेल्या. त्याला काही ओळखता येईना.

“मग सगळी जाळा,” एर्लिंदा म्हणाली.

एकच गलका झाला. कोणी तिला चेटकीण म्हटलं. कोणी म्हणालं, संताचा कोप होईल.

“होऊ दे! माझ्यावर करू दे त्याला कोप. माझं घर माहीत आहे त्याला. पण ही कमान पुढच्या फाटकातून आत जायची नाही. जायचीच असेल तर माझ्या अंगावरून जाईल.”

साखळी काढून ती बाहेर आली, पुन्हा साखळी लावली आणि रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभी राहिली.

“किरीना, चल. बाजूने काढ,” एलिहिओ मला म्हणाला.

मला तिचा संताप आला होता. सगळ्यांदेखत घराण्याची लाज काढली म्हणून आला होता, आणि तिचंच बरोबर होतं म्हणून जास्त आला होता. पण पुढचं फाटक आमचं होतं. मी माझं टोक खाली टाकलं.

“न्यायची तर तुम्ही न्या,” मी नवऱ्याला म्हटलं. “मी नाही येत.”

लिब्रादोला एकट्याला कमान सावरेना. ती कलंडली आणि धुळीत पडली. एर्लिंदाने चुलीतला विस्तव आणला. ओल्या फांद्या धुमसत राहिल्या, बायका रडल्या. संत उघड्या डोक्याने देवळात परत गेला, वाटेत कुठल्याही बागेत शिरला नाही. जेवायला कोणी थांबलं नाही. लिब्रादोही संताबरोबर निघून गेला.

दुपार कलल्यावर मी तिच्याकडे गेले, भांडायलाच गेले. ती त्याच निळ्या झग्यात शिडीवर चढून निरोगी झाडांची फुलं खुडत होती आणि पोत्यात भरत होती. फूल गेलं की सफरचंद गेलं, एवढं तर आमच्याकडच्या लेकरांनाही कळतं.

“जाऊबाई, सगळीच तोडणार?”

“सगळी. झाडं वाचली पाहिजेत.”

“आणि तुमचा मान?”

तिचा हात थांबला. “गेला,” ती म्हणाली. “मला हवा होता गं. फार हवा होता.”

ती पुन्हा खुडायला लागली.

“उभी काय राहिलीस? दुसरी शिडी भिंतीला आहे. आधी क्लोरीनने हात धू.”

मी हात धुऊन आले.