बियाण्याला राखलेली ओळ

लाल दोरा... बोटभर लांबीचा, गाठीसकट कापलेला, चिखलात पडलेला. सिउवानने तो उचलून तळहातावर घेतला आणि वाफ्याकडे न बघताच तिला कळलं, बियाण्याला राखलेली पाकचोयची, त्या चिनी पालेभाजीची, रोपं गेली. सगळी. बुडातून कापून.

"जोसी!"

मुलगी पंपाजवळून धावत आली, कोपरापर्यंत ओली, शाबासकी मिळणार अशा तोंडाने. "पहाटेच पाठवली, आई. लग्नाच्या जेवणाची ऑर्डर होती ना? आजोबांनी दोरेसुद्धा बांधून ठेवलेले! लाल म्हणजे लग्नाचंच की."

आता हिला काय बोलणार? लग्नात लाल, नव्या वर्षाला लाल, बाळाच्या मनगटाला लाल, हे सगळं मीच शिकवलं... आणि पाहुण्याला चांगल्यातलं चांगलं द्यायचं, हेही मीच. शहरातल्या औषधाच्या दुकानात आठ वर्षं काढून पोर महिन्यापूर्वी मळ्यात परतली. मळ्यात लाल दोऱ्याच्या रोपाला सुरी लावायची नसते, ते फुलू द्यायचं, शेंगा वाळू द्यायच्या, हे तिला सांगायचं राहूनच गेलं. घरातली रीत मुद्दाम बसवून कोण सांगतं? ती आपली असते.

"बरणीत आहे ना बी?" जोसीचा आवाज आता बारीक झाला होता.

"बुरसलं. गेल्या पावसात."

डोक्यावरून विमान गेलं. विमानतळामागच्या या मळ्यात बोलणं असंच तुटत तुटत होतं. सासऱ्यांच्या वडिलांनी चीनमधल्या काओयावहून चहाच्या डब्यात, चहाखाली दडवून आणलेलं बी. दरवर्षी सासरे त्यातली सगळ्यात गुबगुबीत रोपं निवडून दोरा बांधत, आणि यंदा डोळे गेल्यावरही त्यांनी बोटांनी चाचपून बांधलेला... रडू यायला हवं होतं. आलं नाही. सिउवानने एप्रनच्या खिशातलं दोऱ्याचं रीळ काढलं आणि ती तडक कुंपणाच्या कडेला गेली.

तिथली रोपंही त्याच बियाण्याची. रेताड माती, समुद्राचा वारा, म्हणून खुजी. पण दरवर्षी ऊन तापलं की बाकीचा वाफा तुरे काढून मोकळा होतो, ही मात्र घट्ट मिटलेली राहतात, जास्त दिवस विकता येतात. तीस वर्षं ती म्हणत आली होती, बाबा, एकदा कडेची बघा. आणि तीस वर्षं एकच उत्तर—"सूनबाई, तू काप. निवडायचं मी बघतो."

ती एकेका रोपाला दोरा बांधत गेली. हात एकदाही अडला नाही.

चहा पिऊन म्हातारा काठी टेकत आला. ओळीपाशी उकिडवा बसला आणि त्याची बोटं नुसत्या बुडख्यांवरून फिरली. जोसीने तोंड उघडलं, पण सिउवानच आधी बोलली.

"लग्नाला गेली, बाबा. चूक आमची. मी कडेची बांधलीत."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात."

तो हात धरू न देता कुंपणापर्यंत गेला. एक देठ चिमटीत धरून त्याने चाचपून पाहिलं.

"हाडकुळी आहेत."

"सुनेवर गेलीत. पण वारा खाऊन उभी आहेत."

"बी निकृष्ट निघालं तर? वडिलांचं नाव बुडेल."

"तर पुढच्या वर्षी मला शिव्या द्या. त्यासाठी तरी जगा."

म्हातारा हसला की खोकला, ते काही कळलं नाही. त्याने हो म्हटलं नाही, देठाचा दोराही सोडवला नाही. जोसी त्याच्यामागून घरी निघाली, मान खाली घालून. तिला हाक मारून सांगावं, पोरी, जाऊ दे गं... पण सिउवान तिथेच उभी राहिली. मुठीतला सकाळचा तुकडा घामाने ओला झाला होता. जोसीला ओरडून हाक मारली ती मी, बियाण्यासाठी जीव तुटला तो माझाच, ते सगळं खरंच. पण आता स्वतःशी कशाला खोटं बोलू—हा दोरा चिखलात दिसला तेव्हा, रागाच्याही आधी, क्षणभर मला बरं वाटलं होतं.