शेपटी असलेलं पान

सासऱ्यांना घरी 'बाबा' म्हणायचं आणि संस्थेच्या फाटकातून आत शिरलं की 'सर', हा नियम सुनेने लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात पाठ केला होता. संस्था वनस्पतिशास्त्राची. सासरे तिथले सर्वेसर्वा. ही मात्र वर्षाच्या करारावर. दरवर्षी नवा अर्ज, नवी हांजी हांजी. आता कुठे एक कायम जागा निघाली होती आणि तिची अट एकच होती: उमेदवाराचं स्वतःचं म्हणता येईल असं एक तरी संशोधन हवं. ती जागा तिला हवी होती. आशाळभूतपणे, अगदी लाज सोडून हवी होती.

सासऱ्यांची सगळी कीर्ती एका पानावर उभी होती. कोरड्या मुलखातली काटेरी झाडंझुडपं मुळात आली कुठून, हा त्यांचा आयुष्यभराचा विषय. आजच्या झाडांची जनुकं ताडून पाहिली की कोण कुणाचं सख्खं, कोण चुलत, ते कळतं. पण ही भावकी वेगळी कधी झाली ते सांगायला एखादं जीवाश्म लागतं. घड्याळ कितीही चांगलं असलं तरी सुरुवातीला कुणीतरी वेळ लावून द्यावी लागते. ती वेळ सासऱ्यांनी लावली होती, दगडात उमटलेल्या एका लहानशा, जाडसर पानावरून. पान लहान आणि जाड, म्हणजे कोरड्या हवेतलं. दगड फार जुना, म्हणजे झुडपंही तितकीच जुनी. वाळवंटं पसरण्याच्या कितीतरी आधीपासून ही मंडळी काटे परजून तयार होती, असं सर वर्गात सांगायचे तेव्हा पोरं भारावून जायची. पानाचं टोक तेवढं तुटलेलं होतं, पण त्याची फिकीर कुणाला नव्हती.

एका सुट्टीच्या दिवशी सुनेने मागची खोली आवरायला काढली. दार वाऱ्याने आपटू नये म्हणून सासूबाई तिथे एक चपटा दगड लावत. तो पुसायला तिने उलटा केला आणि ती मटकन खाली बसली. तेच पान होतं. तीच शीर, कडेची तीच खाच. फक्त इथे टोक शाबूत होतं, आणि ते टोक शेपटीसारखं लांब निमुळतं होत गेलेलं होतं.

"काय गं, विंचू निघाला की काय?" सासूबाईंनी दारातून विचारलं.

"आई, हा दगड कुठला?"

"तो होय! लग्न नवीन होतं तेव्हा यांच्यामागे डोंगर पालथे घातलेत मी. हा मीच शोधला, मीच फोडला. दोन तुकडे झाले. ज्यावर पान जास्त ठळक होतं तो यांनी उचलला आणि मला म्हणाले, हा तुला आठवण म्हणून." सासूबाई हसल्या. "आठवण काय चाटायचीय? लावला दाराला."

सुनेने ऐकलं आणि कानाआड केलं. तिचा सगळा जीव त्या शेपटीत अडकला होता. अशी शेपटी असते ती सदा भिजणाऱ्या रानातल्या पानांना, पाणी निथळून जावं म्हणून. जिथे प्यायलाच पाणी नाही तिथलं झुडूप निथळवणार काय, कपाळ? दगड फोडला की दोन भाग होतात हे शेंबडं पोरही सांगेल. पण संस्थेत इतक्या जणांनी त्या पानाची मापं घेतली, आणि दुसरा अर्धा कुठे आहे हे सरांना विचारायची एकाचीही छाती झाली नव्हती. तिचीसुद्धा.

मग ती कामाला लागली. ते पान झुडपांकडून काढून पावसाळी रानातल्या त्यांच्या चुलत्यांकडे दिलं, घड्याळ नव्याने लावलं, आणि सगळा इतिहासच उलटापालटा झाला. झुडपं जुनी नव्हतीच. ती उंच, ओल्या रानातल्या झाडांची अलीकडची लेकरं होती. पाऊस मागे हटला तेव्हा बहुतेक कुटुंब मेलं. उरली ती शूर होती म्हणून नाही, तर खडकाळ उतारांवर आधीपासूनच हाल काढत होती म्हणून. तीच पुढे खुजी झाली, त्यांची पानं बारीक होत गेली, फांद्यांची टोकं वाळून काटे झाली. सगळं मांडून झालं तेव्हा ती खोलीत एकटीच हसत सुटली.

आणि इथेच तिने माती खाल्ली. लेख छापायला धाडायचा सोडून ती आधी घरातल्या वडीलधाऱ्यांना सांगायला गेली.

सासऱ्यांनी भिंगातून ते टोक बराच वेळ पाहिलं. त्यांचा चेहरा पडला, मग सावरला.

"कुणाला बोललीस हे?"

"नाही बाबा. आधी तुम्हाला."

"शहाणी आहेस. घाई करू नकोस. मी एकदा नजरेखालून घालतो." दगड, लेख, आकृत्या, सगळं त्यांनी ठेवून घेतलं.

निवृत्तीच्या सत्कारात सर बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, "आज मी माझंच आयुष्यभराचं काम खोडून काढणार आहे." पडद्यावर दोन्ही अर्धे शेजारी शेजारी आले. शेपटी, चुलते, खडकाळ उतार, सगळं आलं. तिची वाक्यंसुद्धा जशीच्या तशी. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. या वयात स्वतःची चूक स्वतः कबूल करायची, केवढं मोठं मन! शेवटी सर म्हणाले, "आकृत्या आमच्या सूनबाईंच्या. हात सुरेख आहे तिचा."

त्या रात्री नवरा म्हणाला, "अगं, घरातच राहिलं ना सगळं? चोर थोडाच घेऊन गेला?" त्या क्षणापासून तो तिच्या मनातून उतरला तो कायमचा.

मुलाखतीत अध्यक्षांनी चष्मा पुसत विचारलं, "काम चांगलं आहे तुमचं. पण यात तुमचं स्वतःचं काय?"

"पानाचं काम माझं आहे. सरांनी मांडलं ते. शोधलं मी, लिहिलंही मीच."

टेबलापलीकडे सगळे एकमेकांकडे पाहून समजुतीने हसले. "घरात चर्चा होतच असणार," अध्यक्ष म्हणाले. "पण असा गुरू घरात लाभलेला असताना असं बोलू नये, बाई."

बाहेर सासरे बाकावर बसले होते. तिला पाहून ते उठले, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "चेहरा का उतरलाय? काळजी करू नकोस. अध्यक्षांकडे मी शब्द टाकलाय."

नोकरी तिला मिळाली. ती तिने घेतली. सासऱ्यांनी केलं त्याचा राग कधीमधी निवतो, पण आपण ती नोकरी घेतली याचा राग अजून निवलेला नाही.