मधला उंचवटा

दंताळ्याच्या दोन दात्यांमध्ये अडकलेला खडा निघता निघेना. करडा, एका अंगानं गुळगुळीत, दुसऱ्या अंगानं नुकताच फुटल्यासारखा. तिनं दंताळं उलटं धरून बुटाच्या टाचेनं तो हाणला, तेव्हा कुठे तो गवतात उडाला. नवरा असता तर म्हणाला असता, खडी गवतात घालवू नकोस, उचल... पण तो अजून इस्पितळात होता. दुपारी मुलगी त्याला घरी आणणार होती.

फाटकापासून घरापर्यंतचा हा खडीचा लांबलचक रस्ता त्याचा होता. घर दोघांचं, मुलगी दोघांची, रस्ता मात्र त्याचा. "मध्ये उंच, कडेला उतार. पाणी थांबलं की रस्ता मेला," हे तिनं इतक्यांदा ऐकलं होतं, की ते कानावर पडलं तरी आत जात नसे. लग्नानंतर लगेचच एकदा तिनं फावडं हातात घेतलं होतं. त्यानं ते हसतहसत काढून घेतलं होतं—राहू दे, तुझ्यानं नाही व्हायचं. रागानं नव्हे, रागानं म्हणाला असता तर ती भांडली तरी असती.

मग त्या सकाळी त्याची उजवी बाजू लुळी पडली, आणि रुग्णवाहिका चाकोऱ्यांतून आदळत गेली, तेव्हा तिच्या मांडीजवळ त्याचं डोकं गदागदा हलत राहिलं... परत आल्यावर तिनं त्याच्या अवजारांच्या शेडचं कुलूप काढलं.

पहिल्यांदा सगळंच चुकलं. चाकोऱ्यांत तिनं नुसती वरून खडी ओतली. गाडी चार वेळा गेली आणि चाकोऱ्या पुन्हा जशाच्या तशा. मग हळूहळू कळलं, की आधी उकरायचं, तळापर्यंत, वर्षानुवर्षं घट्ट बसलेलं मोकळं करायचं, मगच नवं धरतं. लोखंडी रुळाचा तुकडा साखळीनं गाडीमागे बांधून ती पहिल्या गिअरमध्ये वर-खाली फिरत राहिली, आरशात धूळ बघत; कडेला पळालेली खडी मुकाट्यानं मध्ये येत होती. तळहातांना फोड आले, फुटले, घट्टे पडले. संध्याकाळी अंग ठणकायचं आणि उशीला डोकं टेकलं की अशी झोप लागायची—कुणाला सांगणार हे?—अशी, की संसारात कधी लागली नव्हती. माणूस तिकडे खाटेवर, आणि मी इथे घोरते आहे.

काल मुलीचा फोन आला होता. "डॉक्टर म्हणाले, हातात जोर येतोय. बाबा पूर्वीसारखे होतील बघ, आई."

"बरं झालं ग," ती म्हणाली होती, अगदी मनापासून. आणि फोन ठेवताठेवता तिची नजर शेडकडे गेली होती.

गाडी फाटकातून आत आली. ती कडेला उभी राहिली. कुठेही धक्का बसला नाही. चाकांखाली खडी एकसारखी करकरत होती. मुलीनं गाडी थांबवून त्याच्या बाजूची काच खाली केली.

"माणूस लावायचास ना, आई. काय अवतार केलायस."

"झालंच माझं."

तो पुढच्या सीटवर होता, एक खांदा उतरलेला. रस्त्याकडे बघत होता—बराच वेळ. ओठ हलले.

"मध्ये..."

ती खिडकीशी वाकली. "मध्ये काय? कमी पडलं?"

त्यानं नकारार्थी मान हलवली. शब्द जड दगडासारखा ढकलावा तसा बाहेर आला. "बरोबर... उंच."

मग त्यानं डावा हात खिडकीबाहेर काढला, पंजा उताणा. दंताळं मागत होता, की तिचा हात? तिला कळलं नाही. कदाचित त्यालाही नसावं. तिनं दंताळं पलीकडच्या हातात घेतलं आणि मोकळा हात त्याच्या हातात दिला. त्याचा अंगठा घट्ट्यांवरून फिरला, थांबला, पुन्हा फिरला. तिचे डोळे भरून आले. हा बरा व्हावा, चालता व्हावा, या रस्त्यानं स्वतःच्या पायांनी फाटकापर्यंत जाऊन यावा—तिला हे सगळं हवं होतं, खरोखर हवं होतं... आणि तरीही पलीकडच्या हाताची मूठ दांड्यावर आवळत चालली होती, आणि ती सैल करावी असं तिला वाटत नव्हतं.