वीस प्रश्नांचा कागद

मित्रांनो, मी एक जुना कागद आहे. दोन्ही अंगांनी प्लॅस्टिक चढवल्यामुळे मला मरणही लवकर येत नाही. माझ्या पुढच्या बाजूला वीस प्रश्न आहेत आणि पाठीवर त्यांची वीस उत्तरं.

माझा जन्म वाशीतल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये झाला. तीन महिन्यांचा कोर्स करणाऱ्या मुलांसाठी तिथे शिकवणाऱ्या बाईंनी मला टाइप केलं होतं. कोणी अडखळलं की त्या हसून समजावत. ते माझे सुखाचे दिवस.

मग तुर्भ्याच्या एका कंपनीतले नंदकिशोर साहेब मला मागून घेऊन गेले. साहेब मूळचे स्टोअर सांभाळणारे. ऑफिसातल्या पहिल्या कॉम्प्युटरवरचं कव्हर त्यांनी काढलं, म्हणून ते सिस्टिम्स मॅनेजर झाले. प्रोग्राम म्हणजे काय, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. मी हातात असलो की ते झाकलं जाई, म्हणून माझे लाड होते.

अठ्ठ्याण्णव साली उरणच्या गोदामाच्या प्रोग्रामसाठी मुरलेला माणूस हवा होता. अशा माणसाला काय विचारावं हे ठरवायला डोकं लागतं. मला ड्रॉवरमधून काढायला फक्त हात लागतो. साहेबांनी मला काढलं.

मुलाखतीला जयमालाबाई आल्या. अकरा वर्षांचा अनुभव, जुनी कंपनी बंद पडलेली, नोकरीची निकड चेहऱ्यावर दिसत होती.

"कॉम्प्युटरची व्याख्या सांगा," साहेब म्हणाले.

बाईंनी आपल्या शब्दांत नेमकं सांगितलं. साहेबांनी माझी पाठ पाहिली. शब्द जुळेनात, म्हणून फुली मारली. अशा चौदा फुल्या पडल्या. मला स्वतःचीच किळस आली.

शेवटी बाईंनी विचारलं, "सर, तुमच्या प्रोग्रामात साल दोनच आकडी आहे का? मग दोन हजार साली सगळा घोळ होईल."

"मॅडम, प्रश्न आमी विचारायचे. तुमी टेन्शन घेऊ नका."

पाठोपाठ ऋषी आला. त्याच क्लासचा, मला तोंडपाठ केलेला. वीसपैकी वीस! दीड वर्षाच्या अनुभवावर तो सीनियर झाला आणि बाई रिकाम्या हाताने परत गेल्या.

पुढच्या वर्षी डिसेंबरात उरणचा प्रोग्राम बोंबलला. जानेवारीत उचलायचे कंटेनर त्याला एकोणीसशे सालचे, म्हणजे नव्याण्णव वर्षं उशिराचे वाटू लागले. गेटवर ट्रक अडकले. ऋषी व्याख्या आठवत बसला. साहेबांनी घाम पुसत जयमालाबाईंना फोन लावला.

"मी आता दुसरीकडे आहे, सर," बाई म्हणाल्या. "तिकडे मला एकच विचारलं. तुमच्या हातून झालेली सगळ्यात मोठी चूक कोणती, आणि ती कशी निस्तरलीत? दोन तास बोलत होतो आम्ही."

साहेबांनी लगबगीने मार्कर घेतला आणि तो प्रश्न एकविसावा म्हणून माझ्यावर लिहिला. इतक्या वर्षांत प्रथमच मला अंगावर काहीतरी चांगलं लिहिल्यासारखं वाटलं. तेवढ्यात त्यांनी मला उलटं केलं.

"मॅडम, एक मिनिट. ह्याचं बरोबर उत्तर काय लिहू?"

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

मित्रांनो, उद्या तुम्हीही माणसं निवडायला बसाल. उत्तर आधीच लिहून ठेवलं असेल, तर कृपा करून कुणाला बोलावू नका.